तीन काळे दगड आणि वरचे आकाश : 'आयुका'च्या आवाराचे परीक्षण

स्वयंपाकघरातला जुना ओटा ज्याने पाहिला आहे, त्याला पुण्याच्या 'आयुका'च्या, म्हणजे खगोलविज्ञान आणि खगोलभौतिकी यांच्या आंतरविद्यापीठ केंद्राच्या, भिंतीची अर्धी ओळख घरीच झालेली असते. ही भिंत तीन काळ्या दगडांची आहे. तळाशी आपला सह्याद्रीचा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. अंगावर टाकीचे घाव असलेला, खडबडीत, आणि उन्हात नीट पाहिला तर काळ्यापेक्षा करडाच. त्याच्या वर कडप्पा, जो पाषाणाहून काळा. आणि सर्वांत वर घोटून आरशासारखा केलेला काळा ग्रॅनाइट. खालून वर नजर नेत गेले की दगड अधिकाधिक काळा होत जातो, आणि जिथे तो सर्वांत काळा व्हायचा, नेमके तिथेच त्याच्यात ढग दिसू लागतात. भिंत कुठे संपली आणि आकाश कुठे सुरू झाले, हे काही क्षण खरोखरच कळत नाही. एवढ्या साध्या सामानात, जे कोणत्याही दगडवाल्याच्या वखारीत मिळते त्यातून, हा परिणाम साधलेला आहे, याचे मला दर भेटीत नव्याने नवल वाटते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात वसलेले हे केंद्र विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये स्थापन केले. खगोलविज्ञान आणि खगोलभौतिकी यांत काम करणाऱ्या देशभरच्या विद्यापीठांतील शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक सामाईक घर असावे, हा त्यामागचा हेतू होता. डॉ. जयंत नारळीकर हे त्याचे संस्थापक संचालक होते आणि २००३ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. वास्तुरचनाकार म्हणून त्यांनी चार्ल्स कोरिया यांना बोलावले. २९ डिसेंबर १९८८ रोजी पायाभरणी झाली आणि चार वर्षांनी, २८ डिसेंबर १९९२ रोजी, खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते ही वास्तू राष्ट्राला अर्पण झाली. विश्वशास्त्रज्ञ आणि वास्तुरचनाकार असे दोघे एका टेबलाशी बसले, आणि त्यांपैकी कोणीही दुसऱ्याच्या विषयाला केवळ सजावट मानले नाही, हे आवारात पाऊल टाकताच जाणवते.

मी तीस वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आणि त्या काळात विद्यार्थ्यांना घेऊन इथे अनेकदा आले. पण चाळीस मुलांची मोजदाद करीत फिरणाऱ्या बाईला वास्तू दिसत नाही, हजेरीपट दिसतो. निवृत्तीनंतर मात्र परवानगी काढून दोन वेळा एकटी गेले, एकदा जानेवारीच्या सकाळी आणि एकदा जुलैत. हे परीक्षण मुख्यतः त्या दोन भेटींवर आधारलेले आहे.

भिंतीच्या काळेपणाविषयी आणखी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण तो केवळ रंगाचा प्रश्न नाही. रात्रीचे आकाश काळे का असते, हा प्रश्न वरवर पोरकट वाटतो. परंतु विश्व अनंत, स्थिर आणि सदासर्वकाळ असेच असलेले आहे आणि त्यात तारे सर्वत्र सारखे विखुरलेले आहेत असे मानले, तर आपली नजर कोणत्याही दिशेला गेली तरी शेवटी एखाद्या ताऱ्यावर जाऊन टेकायला हवी, आणि मग सगळे आकाश सूर्यबिंबासारखे धगधगायला हवे. ते तसे नाही, त्या अर्थी या गृहीतांपैकी काहीतरी चुकीचे आहे. याला ओल्बर्सचा विरोधाभास म्हणतात. तो वर्गात फळ्यावर समजावताना माझी नेहमी दमछाक होई. या भिंतीपुढे उभे राहिले की काळोख ही समजावून सांगण्याजोगी, कारण असलेली गोष्ट आहे, हे निदान मनाला पटते. विश्वशास्त्राच्या संस्थेने आपल्या घरासाठी पांढरा संगमरवर निवडला असता तर तो मला गणिती चुकीसारखा खुपला असता.

इमारतींच्या मधोमध कुंड आहे. चौरस, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारे, आणि कोरडे. गुजरातेतील मोढेऱ्याच्या सूर्यकुंडाचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते, परंतु मराठी माणसाला त्यासाठी गुजरातेत जाण्याचे कारण नाही. गावोगावच्या बारवांत आणि साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारामोटेच्या विहिरीत तो अनुभव आपण घेतलेला असतो. पाण्यापर्यंत उतरायचे, घागर टेकवायची आणि सहज वर पाहायचे, तर दगडी चौकटीत आकाशाचा एक नेमका तुकडा. कोरियांनी बारवेतले पाणी काढून घेतले आणि वरचे आकाश तेवढे ठेवले. कुंडातल्या दगडांची मांडणी मध्यापासून बाहेर उधळल्यासारखी आहे, जणू केंद्रातून कोणी तरी सगळे एकदम लोटून दिले आहे, आणि ती प्रसरण पावणाऱ्या विश्वाची खूण म्हणून केलेली आहे.

इथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. नारळीकरांनी आपले गुरू फ्रेड हॉइल यांच्यासह महास्फोटाच्या सिद्धान्ताला आयुष्यभर विरोध केला. विश्वाला असा एकच आरंभबिंदू होता हे त्यांना मान्य नव्हते. १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी मिळून आपली पर्यायी मांडणी नव्या रूपात पुढे ठेवली, म्हणजे हे कुंड बांधून होते न होते तोच. मग त्यांच्याच संस्थेच्या अंगणात मध्यातून उधळलेले दगड कसे? उत्तर सरळ आहे. विश्व प्रसरण पावते, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे, भांडण आहे ते आरंभाविषयी. कुंडाच्या मध्यावर स्फोटाची म्हणून काही खूण नाही, आणि त्यामुळे या दगडांनी कोणाचीच बाजू घेतलेली नाही. हे ठरवून केले असेल की नाही, या वादात मी पडत नाही. पण दोन पक्षांचे शास्त्रज्ञ एकाच पायरीवर बसून चहा पिऊ शकतील अशी ती जागा झाली आहे, एवढे खरे.

याच कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, आणि संपूर्ण आवारात मला न पटलेली गोष्ट कोणती असे विचारले तर ती हीच. पुतळे वाईट आहेत असे नाही. पण जिथे दगड, सावली आणि उतार यांनीच सगळे सांगून झालेले आहे, तिथे ओळखीचे चेहरे आले की पाहणारा लगेच चौकातल्या पुतळ्यापुढे उभा राहतो तसा उभा राहतो. सहलीची मुले धावत जातात ती आइन्स्टाइनकडे, त्याच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढतात, आणि पायाखालच्या दगडांकडे त्यानंतर कोणी पाहत नाही. आर्यभटाची गोष्ट निराळी आहे. त्याचा चेहरा कसा होता हे कोणालाच ठाऊक नाही; पाचव्या शतकातल्या त्या माणसाचे चित्र, शिल्प, वर्णन काहीही आपल्यापर्यंत आलेले नाही. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरची झाडे जशी मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा त्याचा दृष्टान्त मात्र पंधराशे वर्षे टिकून आहे. चेहरा हरवलेल्या माणसाला कल्पनेने चेहरा देण्यापेक्षा तो श्लोक पायरीच्या पाषाणात कोरला असता तर तो मला अधिक आवडला असता.

एकदा माझ्या वर्गातल्या एका मुलीने या चौघांकडे पाहून, "मॅडम, यांच्यात बाई एकही नाही का?" असे विचारले होते. तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत हे १९२५ मध्ये आपल्या प्रबंधात दाखवणाऱ्या सेसिलिया पेन यांची गोष्ट मी तिला परतीच्या बसमध्ये सांगितली. जागेवर दाखवायला काही नव्हते.

या पुतळ्यांच्या उलट, इमारतीतला घुमट फारसे काही न बोलता आपले काम करतो. त्याला बारीक भोके ठेवलेली आहेत आणि त्यांतून दिवसा उजेड येतो. ही भोके म्हणजे तारे, आणि त्यांची जागा पायाभरणीच्या दिवशीच्या पुण्याच्या आकाशातली आहे. डिसेंबरअखेरच्या रात्री जेवणाच्या सुमारास आपण गच्चीवर गेलो तर मृग पूर्वेला वर आलेला असतो आणि कृत्तिकांचा पुंजका जवळजवळ डोक्यावर असतो, हे ज्याला माहीत आहे त्याला या भोकांचा अर्थ लागू लागतो. ज्याला माहीत नाही त्याला नुसता छान उजेड मिळतो. कोनशिला बसवून तीवर मान्यवरांची नावे कोरण्याची आपली पद्धत आहे. त्याऐवजी त्या दिवशीचे आकाशच छतात कोरून ठेवणे, ही या वास्तूतली माझ्या मते सर्वांत देखणी कल्पना होय. आणखी एका अंगणात सिएरपिन्स्कीच्या त्रिकोणाची रचना आहे. त्रिकोणाच्या मधला चौथाई भाग काढून टाकायचा, उरलेल्या तिन्ही त्रिकोणांचे तसेच करायचे, आणि हे करीतच राहायचे, अशी ती आकृती. गणिताच्या माणसाला ती पाहून आनंद होतो, इतरांना ती फरशीची नक्षी वाटते, आणि दोघांचेही काही बिघडत नाही.

मला मात्र सर्वाधिक वेळ लागतो तो उपकरणांपाशी. फुकोचा लंबक इथे आहे. पृथ्वी फिरते याचा, आकाशाकडे न पाहता देता येणारा हा पुरावा. उत्तर ध्रुवावर असा लंबक टांगला तर त्याच्या झोक्याची पातळी, म्हणजे तो ज्या दिशेने झुलतो ती दिशा, सुमारे चोवीस तासांत एक फेरा पुरा करील. विषुववृत्तावर ती मुळीच फिरणार नाही. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे इथे एका फेऱ्याला सुमारे साडेपंचाहत्तर तास लागतात, म्हणजे तीन दिवस आणि वर साडेतीन तास. तासाभरात ही पातळी पावणेपाच अंश सरकते. भिंतीवरच्या घड्याळात मिनिटाच्या दोन खुणांमध्ये सहा अंश असतात, हे लक्षात घेतले तर हे सरकणे किती सावकाश आहे त्याची कल्पना येईल. सहलीच्या मुलांना दिलेल्या दहा मिनिटांत त्यांना काहीही दिसत नाही, आणि "बाई, हा तर नुसता हलतोय" ही तक्रार मी दर वर्षी ऐकली आहे. तक्रार रास्त आहे. हा लंबक पाहायचा तर आल्याआल्या झोक्याची दिशा लक्षात ठेवावी, सगळे आवार फिरून यावे, आणि दोन तासांनी पुन्हा पाहावे.

विज्ञान उद्यानातल्या सूर्यघड्याळाचीही अशीच एक खोड आहे. ते पाहणारा प्रत्येक जण मनगटाकडे पाहतो आणि घड्याळ बिघडले आहे असे मानतो. सूर्यघड्याळ मुळात त्या जागेची वेळ सांगते, आणि आपल्या मनगटावरची वेळ ही साडेब्याऐंशी रेखांशाची, म्हणजे प्रयागराजजवळून (पूर्वीच्या अलाहाबादजवळून) जाणाऱ्या रेषेची असते. पुणे तिच्या पश्चिमेस पावणेनऊ अंश, म्हणून इथला सूर्य सुमारे पस्तीस मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. पृथ्वीच्या कक्षेच्या लंबगोलपणामुळे आणि अक्षाच्या कलामुळे त्यात कधी भर पडते, कधी घट होते, आणि ती दर दिवशी बदलते. नोव्हेंबरच्या आरंभी हा एकूण फरक वीस मिनिटांहून कमी असतो; २८ फेब्रुवारीला, म्हणजे विज्ञानदिनी, जेव्हा सर्वाधिक मुले इथे येतात, तेव्हा तो सत्तेचाळीस मिनिटांच्या घरात जातो. एका वर्षी मी मुलांना फरकाचे कारण न सांगता नुसता फरक टिपून आणायला सांगितला होता. परतीच्या बसमध्ये त्यावर जी वादावादी झाली ती माझ्या संपूर्ण नोकरीतली सर्वोत्तम तासिका होती, आणि तीत मी एक अक्षरही बोलले नव्हते. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस पुण्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास कुंडाच्या उभ्या भिंती काही मिनिटे सावली टाकायचे विसरतात. जुलैत ढग नसले तर!

आता शेजाराविषयी. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे जुने गव्हर्न्मेंट हाउस, मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान. जेम्स ट्रबशॉ यांनी रचलेली ही इटालियन धाटणीची वास्तू १८६४ ते १८७१ या काळात उभी राहिली, आणि व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकरांच्या गोळीला बळी पडलेला प्लेग-अधिकारी रँड निघाला तो इथूनच. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यकर्त्याच्या राहत्या घरात ज्ञानाचा कारभार सुरू झाला. ही इमारत लांबून दिसावी म्हणून बांधलेली आहे: पुढे हिरवळ, मध्ये मनोरा, दोहो अंगांना पसरलेल्या कमानी. 'आयुका'चे नेमके उलट. रस्त्यावरून तिची एक लांब काळी भिंत तेवढी दिसते आणि आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. अनेक पुणेकर तिच्यावरून वर्षानुवर्षे ये-जा करतात आणि तिला गोदाम समजतात, असे माझ्या एका नातेवाइकाने मला गंभीरपणे सांगितले, कारण तो स्वतः तसे समजत होता. हा दोष मानायचा की गुण, याविषयी माझे मत दोनदा बदलले आहे. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेने रस्त्याकडे पाठ करून बसू नये, असे मला पूर्वी वाटे. आता वाटते की तिथे काम करणाऱ्यांना रस्त्याचा आवाज ऐकू येत नाही, आणि गणेशखिंडीच्या वाहतुकीपासून हाकेच्या अंतरावर ही गोष्ट सोपी नाही.

या दोन टोकांच्या मध्ये विद्यापीठाच्या विविध विभागांच्या इमारती आहेत, ज्यांच्याविषयी चांगले किंवा वाईट असे फारसे लिहिण्यासारखे नाही. त्यांना सांभाळून घेतात ती झाडे. वड, पिंपळ आणि पर्जन्यवृक्ष यांनी त्या आवाराला जे रूप दिले आहे ते कोणत्याही एका वास्तुरचनाकाराने दिलेले नाही.

तुलनेसाठी एक ताजी गोष्ट सांगते. मी जिथे शिकवत होते त्या महाविद्यालयाने माझ्या निवृत्तीच्या सुमारास नवी इमारत बांधली. दर्शनी बाजू सगळी निळ्या काचेची, कडेला अॅल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्यांचे आच्छादन, प्रवेशाशी कारंजे. दर्शनी बाजू पश्चिमेला होती. पहिल्या उन्हाळ्यातच वर्गांना जाड पडदे लावावे लागले, पडदे लावल्यामुळे दिवसभर दिवे लावावे लागले, आणि खिडक्या उघडण्याची सोय नसल्यामुळे पंखे गरम हवाच फिरवीत राहिले. माहितीपत्रकातला फोटो मात्र उत्तम आला होता. आज शहराबाहेर पडणाऱ्या कोणत्याही हमरस्त्यावर असे शिक्षणसंकुल दर दहा किलोमीटरवर भेटते, आणि त्यावरची पाटी काढून घेतली तर ते रुग्णालय आहे, मॉल आहे की गाड्यांचे शोरूम, हे सांगता येणार नाही. 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था आहे हे पाटी न वाचताही ओळखता येईल की नाही, याची मला खात्री नाही. पण ती शोरूम नाही, एवढे नक्की ओळखता येते.

कोरियांच्या इतर कामांशी परिचय असलेल्यांना इथे ओळखीच्या खुणा सापडतील. जयपूरच्या जवाहर कला केंद्रात त्यांनी नवग्रहांचे नऊ चौक केले, आणि ते काम पुण्याच्या कामाच्या थोडेसेच आधीचे आहे. ते मूळचे गोव्याचे; पणजीला मांडवीच्या काठावरची कला अकादमी त्यांचीच. त्या वास्तूत माणूस आत शिरतो आणि भिंत न लागता थेट नदीपाशी पोहोचतो. माथ्यावर छप्पर नसलेली मोकळी जागा हीच आपल्या हवामानातली खरी खोली आहे, हे म्हणणे त्यांनी आयुष्यभर मांडले. जयपूरला त्याच्यावर चित्रांचा आणि प्रतीकांचा थोडा भार पडला आहे असे मला वाटते. पुण्यात रंगाला जवळजवळ मज्जाव केल्यामुळे तीच कल्पना अधिक स्वच्छ उतरली. लिस्बनला त्यांनी उतारवयात शांपालिमो प्रतिष्ठानाचे संशोधनकेंद्र बांधले, तिथेही चढत्या वाटेच्या शेवटी पाणी आणि आकाश एक होतात. ते मी फक्त छायाचित्रांत पाहिले आहे.

सर्वच चांगली आवारे अशी अंतर्मुख असतात असे मात्र नाही. कानपूरच्या आय.आय.टी.चे आवार आपल्या सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे यांनी साठच्या दशकात रचले. तिथे उघड्या काँक्रीटचा आणि विटांचा मेळ आहे, आणि एका इमारतीतून दुसरीत नेणारे सावलीचे उंच मार्ग हा त्या रचनेचा कणा आहे. विद्यार्थी चालता चालता एकमेकांना भेटावेत, ही तिथली कल्पना. हजारो विद्यार्थ्यांचे विद्यापीठ आणि मोजक्या संशोधकांचे केंद्र यांची सरसकट तुलना करणे योग्य नाही, तरी उन्हातान्हात एका विभागाकडून दुसऱ्याकडे पायपीट करणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार कानविंद्यांनी अधिक केला होता, असे माझे मत आहे. 'आयुका'च्या कुंडात भर दुपारी कोणी बसत नाही, आणि काळा दगड उन्हात तापतो हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही. ती सकाळ-संध्याकाळची जागा आहे.

आवारात एके काळी सफरचंदाचे एक झाड होते. न्यूटनच्या गावच्या त्या प्रसिद्ध झाडाच्या वंशातले हे कलम आणून लावले होते. पुण्याच्या हवेत ते रुजले, त्याला फळेही आली, पण पुढे टिकले नाही. विलायती झाडाने इतके केले हेही पुष्कळ झाले.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी मुक्तांगण विज्ञान शोधिका चुकवू नये. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून ती उभी राहिली आणि तिच्या इमारतीचे नाव 'पुलस्त्य' आहे. सप्तर्षींपैकी एका ताऱ्याचे हे नाव, आणि त्याच्या आरंभीच 'पुल' आहेत. ही कोटी ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार. मुलांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायची आणि ती मोडून पाहायची, असे तिथले काम. दगडी शांततेशेजारी ही गडबड चांगली शोभते.

जाण्यापूर्वी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. २८ फेब्रुवारीला आवार सर्वांना खुले असते आणि त्या दिवशी अफाट गर्दी असते. शास्त्रज्ञांशी बोलायचे असेल तर तोच दिवस, वास्तू पाहायची असेल तर तो टाळावा. शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने चंद्रशेखर सभागृहात होतात. एरवी हे चालते संशोधनकेंद्र आहे, उद्यान नव्हे, म्हणून आधी चौकशी करून आणि परवानगी घेऊनच जावे. कुंडाच्या पायऱ्या गुडघे दुखणाऱ्याला सोयीच्या नाहीत. मी काठावर बसून पाहिले आणि काही हुकल्यासारखे वाटले नाही. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी वही-पेन्सिल न्यावी, कारण ती काळी भिंत फोनच्या कॅमेऱ्यात नुसती काळीच येते, तिन्ही दगडांतला फरक त्याला पकडता येत नाही.

शक्य असेल तर पावसाळ्यात जावे. जुलैत मी गेले तेव्हा सरीवर सर येत होती. भिजलेला पाषाण कडप्प्याइतकाच काळा झाला होता आणि भिंतीतले तिन्ही दगड मिळून एकच झाले होते. काही वेगळे ओळखू येत नव्हते. मग पाऊस थांबला. सर्वांत आधी वरचा ग्रॅनाइट निथळून कोरडा झाला, मागाहून कडप्पा, आणि पाषाण मात्र कितीतरी वेळ तसाच ओला राहिला. मी ओसरीत छत्री मिटून उभी होते. अर्ध्यापाऊण तासाने तळाचा पाषाण कडेकडेने करडा पडू लागला, आणि वरच्या ग्रॅनाइटमधून एक घार डावीकडून उजवीकडे सावकाश निघून गेली.